घाटात डबा बोलतच नाही: गाडीकडून गाडीला जाणारा इमर्जन्सी मेसेज अडतो कुठे

गेल्या हिवाळ्यात कोंडाईबारी घाटात रात्री अडीचच्या सुमाराला आमच्या रांगेतल्या पहिल्या गाडीचा टायर फुटला, ड्रायव्हरने लाल बटण दाबलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीतला डबा (मी बसवलेलं, रेडिओवरून गाडीकडून गाडीला इशारा देणारं यंत्र) लगेच वाजला आणि चौथ्या गाडीतला वाजलाच नाही. मी तिसऱ्या गाडीत होतो. चौथी गाडी अमळनेरच्या आप्पांकडे होती, तीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेला माणूस, त्यांनी आमच्या गाडीची पार्किंग लाइट बघून वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं, धुकं अजून थोडं दाट असतं तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. खाली विसरवाडीला चहाला थांबलो तेव्हा ते एवढंच बोलले, "दादा, मन्हा डबा बोलनाच नही."

हीच तक्रार नंतर पाच-सहा वेळा आली, दरवेळी वेगळ्या गाडीतून, आणि दुकानात आणून बघितलं की डबा एकदम ठणठणीत. असली येऊन-जाऊन असणारी गडबड सगळ्यात वाईट, कारण आपल्याला वाटतं सुटली आणि ती परत घाटातच भेटते. जे जे सापडलं ते सगळं लिहून ठेवतोय, कोणी असंच काही बसवत असेल तर त्याच्या रात्री वाचतील.

आधी सेटअप सांगतो. मामेभावाच्या सहा गाड्या आहेत, चोपड्याहून केळी भरून कधी शिरपूर-पळासनेर करत बिजासन घाटाने इंदूरकडे जातात, कधी धुळे-साक्री-दहिवेल करत सुरतेकडे. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. प्रत्येक गाडीत मी एक डबा बसवलाय, त्यात ३.३ व्होल्टवाला प्रो मिनी बोर्ड, एसएक्स१२७६ चिपचा लोरा रेडिओ (कमी विजेवर लांब पोचणारा, पण सावकाश बोलणारा), जीपीएस, मोठा बझर, लाल बटण, आणि ब्रेकच्या हवेच्या प्रेशर स्विचवरून घेतलेली एक वायर. शिवाय ड्रायव्हरच्या फोनवर एक साधं ॲप आहे, ते तोच मेसेज इंटरनेटवरून एमक्यूटीटीने (सर्व्हरमार्फत मेसेज पोचवायची एक पद्धत) पाठवतं. दोन रस्ते ठेवले कारण घाटात फोनला रेंज नसते आणि सपाटीवर गाड्या एकमेकींपासून इतक्या लांब जातात की रेडिओ पोचत नाही.

हे सगळं कशापायी, तर ४ जुलै २०२३ ला पळासनेरला जे झालं ते आमच्या गाड्यांच्या रोजच्या रस्त्यावर झालं. बिजासन उतरून येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक गेले, तो पुढच्या गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि निदान दहा माणसं गेली. मागून ब्रेक गेलेली गाडी येतेय हे पुढच्याला पाच सेकंद आधी कळलं तरी तो साइडपट्टीवर उतरू शकतो. मला ते पाच सेकंद पाहिजेत.

आता मूळ गोष्टीवर येतो. पहिली चूक माझ्या बघण्यातच होती. मी दरवेळी पाठवणाऱ्या डब्याचा लॉग काढायचो, त्यात 'पाठवला, ओके' असं दिसायचं आणि मी रिसिव्हरचा स्पीकर, वायर, बझर तपासत बसायचो. ते 'ओके' फक्त इतकंच सांगतं की रेडिओने अँटेनातून हवेत सोडला. सगळ्यांसाठी एकदम सोडलेल्या मेसेजला पोच मिळत नाही, हे लोरालाच आहे असं नाही, वायफायच्या ब्रॉडकास्टलाही पोच नसते, आणि परदेशात कारखान्यातूनच गाडीत बसून येणाऱ्या ५.९ गिगाहर्ट्झच्या ८०२.११पी रेडिओलाही नसते. तिथे प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळेपर्यंत आपला पत्ता-वेग सांगत राहते, त्यामुळे एखादा मेसेज हुकला तरी पुढचा एक दशांश सेकंदात येतो. आपल्या लोराला तेवढा वेग परवडत नाही, म्हणून पोच आपल्यालाच कुठूनतरी काढावी लागते.

ती मी अशी काढली. प्रत्येक डबा तसाही दर दहा सेकंदांनी 'मी इथे आहे' असा छोटा मेसेज सोडतो, त्यात एक बाइट वाढवला आणि त्या बाइटच्या सहा बिटांत लिहायचं की कोणकोणत्या गाडीचा शेवटचा इमर्जन्सी मेसेज मी ऐकला. वेगळी पोचपावती पाठवायची नाही, नाहीतर बाकीच्या पाचही गाड्या एकदम 'मिळाला, मिळाला' ओरडतात आणि त्या गोंगाटात मूळ मेसेज बुडतो. पाठवणारा डबा मग सगळ्यांचे बिट येईपर्यंत मेसेज परत परत सोडतो, आधी भरभर, मग दर पाच सेकंदांनी, आणि कोणाचा बिट आला नाही ते स्क्रीनवर दाखवतो. पुढच्या ड्रायव्हरला निदान कळतं की चार नंबरला माहीत नाहीये, तो क्लीनरला टॉर्च देऊन मागे पिटाळतो.

आणि त्याच्याबरोबर दुसरं एक काम केलं ज्याने अर्ध्याच्या वर कोडी सुटली. रिसिव्हर जो मेसेज ऐकतो पण टाकून देतो तोही लॉगमध्ये लिहायचा, का टाकला त्या कारणासकट. 'खराब', 'जुना', 'आपला नाही', 'दुसऱ्या दिशेचा'. आधी माझा कोड टाकून द्यायचा आणि गप्प बसायचा, त्यामुळे न आलेला आणि येऊन फेकलेला यात फरकच कळत नव्हता.

पण हे करायच्या आधी अँटेना. ८६६ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची साधी तार साधारण साडेआठ ते पावणेनऊ सेंटीमीटर भरते, ४३३ ला सव्वासतरा. बाजारात दोन्ही मोड्युल आणि दोन्ही अँटेना एकाच बरणीत पडलेल्या असतात. दोन डब्यांना ४३३ ची अँटेना लागलेली निघाली, टेबलावर दहा फुटांवरून तीही चालते, रस्त्यावर दोनशे मीटरला जीव सोडते. साध्या तारेची असेल तर पट्टी लावून मोजा, स्प्रिंगची किंवा रबरी असेल तर तिच्यावरचा आकडा बघून घ्या. आपल्याकडे लायसन्सशिवाय चालणारा पट्टा ८६५ ते ८६८ आहे आणि त्यात एका चॅनेलची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंतच, म्हणून लोराची बँडविड्थ १२५ वर ठेवा, वेग वाढवायला २५० किंवा ५०० करून बसू नका. अँटेना केबिनच्या आत काचेमागे चालत नाही. मागे हौद्यात केळी भरलेली असली की ती म्हणजे पाण्याची भिंत, मागच्या गाडीकडे सिग्नल जातच नाही. आम्ही आरशाच्या ब्रॅकेटवर उंच लावली, केबिनच्या टपापेक्षा वर टोक येईल अशी, आणि पॅसेंजर साइडला, कारण ड्रायव्हर साइडला धुताना पाइप लागून दोन मोडल्या.

अँटेना बदलून मला वाटलं झालं. पंधरा दिवसांनी परत तेच, यावेळी दोन नंबरची गाडी.

मग नवा लॉग काढला आणि पाहतो तर काय, दोन नंबरच्या डब्याला एक नंबरचा मेसेज व्यवस्थित आला होता, सिग्नलही चांगला, आणि त्याच्यापुढे कारण लिहिलेलं, 'जुना'. दहिवेलपासून पुढे एक नंबरचा प्रत्येक मेसेज त्याने 'जुना' म्हणून फेकला होता, साधे दहा सेकंदवाले पण. मी दुकानात रात्री अकरापर्यंत त्या लॉगसमोर बसलो. झालं होतं असं. प्रत्येक मेसेजला मी अनुक्रमांक दिला होता, एकच मेसेज दोन-तीन गाड्यांकडून फिरून आला तर परत वाजू नये म्हणून, आणि नियम असा की त्या गाडीचा शेवटचा ऐकलेला नंबर ४१ असेल तर ४१ किंवा खालचा नंबर टाकून द्यायचा. दहिवेलला सगळ्या गाड्या चहाला थांबतात, चावी बंद, डबा बंद. परत सेल्फ मारला की डबा चालू होतो आणि एक नंबरचा अनुक्रमांक परत शून्यापासून सुरू. ज्या गाड्यांनी इंजिन बंद केलं होतं त्यांच्या डब्याचीही आठवण पुसलेली, त्यांना १, २, ३ नवीनच वाटतात, ते वाजतात. ज्याने इंजिन चालू ठेवलं त्याच्या डब्याला अजून ४१ आठवतोय, त्याला १, २, ३ जुने वाटतात, तो गप्प.

आप्पांची सवय अशी की थंडीत ब्रेकची हवा धरून राहावी म्हणून थांब्यावर गाडी चालूच ठेवायची. त्या रात्रीही त्यांनी दहिवेलला इंजिन बंद केलं नव्हतं, मी विचारलं तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं. म्हणजे काळजी घेणाऱ्या माणसाच्याच गाडीत माझा डबा मुका होत होता, हे कळल्यावर मला फार लागलं ते.

दुरुस्ती सोपी आहे पण ती नीट करा. डबा कितीव्यांदा चालू झाला तो आकडा ईईप्रॉममध्ये (चिपची वीज गेली तरी न पुसणारी आठवण) ठेवायचा आणि मेसेजमध्ये गाडी नंबर, चालू-आकडा, अनुक्रमांक असे तिन्ही पाठवायचे, तुलना करताना आधी चालू-आकडा बघायचा आणि मग अनुक्रमांक. प्रत्येक अनुक्रमांक ईईप्रॉममध्ये लिहायला जाऊ नका, त्या चिपची एक जागा साधारण एक लाख वेळा लिहिता येते, दर दहा सेकंदांनी लिहिलं तर बारा दिवसांत ती संपते. फक्त चालू होताना एकदा लिहा. आणि डबा चावीशिवाय मध्येच रिसेट होतोय का तेही याच आकड्याने कळतं. तीन नंबरच्या गाडीत एका खेपेत आकडा सतराने वाढला होता, बघितलं तर सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज पडत होतं आणि स्वस्तातला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून डब्याला देणारा) तेवढ्यात डोळे मिटत होता. त्याच्या आधी एक डायोड आणि मोठा कपॅसिटर टाकला, कन्व्हर्टर ४० व्होल्ट झेलणारा घेतला, कारण २४ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग आणि झटके धरले तर २८ च्या वर सहज जातं.

पुढची गोष्ट रिलेची. पहिल्या गाडीचा मेसेज सहाव्या गाडीपर्यंत थेट जात नाही, वळणं असतात, डोंगर मध्ये येतो, म्हणून मधल्या गाड्यांनी तो पुढे ढकलायचा. यात सगळ्यांनी एकदम ढकलला की तो हवेतच आदळतो, आणि लोराचा रेडिओ बोलताना ऐकत नाही, त्यामुळे बोलणाऱ्यांपैकी कोणालाच कळत नाही की आपण एकमेकांवर बोललो. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. मी मग प्रत्येकाला रँडम वेळ थांबायला लावलं होतं, तरी आदळायचेच. शेवटी दुकानात सहाही डबे एकाच पॉवर सप्लायवर लावले, एकदम चालू केले आणि सिरियलवर ती रँडम वेळ छापली, तर सहाही डब्यांचा आकडा तोच. पुढचाही तोच. त्या बोर्डवरचं रँडम फंक्शन बी (सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा) दिल्याशिवाय दरवेळी तीच यादी पहिल्यापासून वाचतं, आणि मी सहाही डब्यांत तोच कोड टाकलेला. बी म्हणून गाडी नंबर आणि चालू-आकडा मिळून दिला आणि ते आदळणं बरंच कमी झालं.

तरी नुसत्या रँडमवर सोडू नका. पाठवणाऱ्यापासून जी गाडी जास्त लांब तिने आधी बोलायचं, जवळच्याने थांबायचं, आणि थांबलेला असताना दुसऱ्याने तोच मेसेज पुढे पाठवलेला ऐकू आला तर आपला रद्द करायचा. लांबची गाडी बोलली की मेसेज एका उडीत जास्त पुढे जातो. थांबायचे टप्पे मेसेजच्या हवेतल्या वेळेपेक्षा मोठे पाहिजेत. मेसेजला २८८ मिलिसेकंद लागत असतील आणि टप्पा १०० चा ठेवला तर पहिल्याचं बोलणं संपायच्या आत दुसरा सुरू होतो. आम्ही ३५० ठेवलाय. तीन उड्यांच्या पुढे मेसेज मारून टाकायचा.

हवेतल्या वेळेचं निघालंच आहे तर एसएफचं (स्प्रेडिंग फॅक्टर, तो वाढवला की रेंज वाढते पण मेसेज सावकाश जातो) सांगतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात. रेंज मिळत नाही म्हणून पोरं एसएफ १२ लावतात. २० बाइटचा मेसेज एसएफ ७ ला साधारण ५७ मिलिसेकंदांत जातो, एसएफ ९ ला १८५ मध्ये, आणि एसएफ १२ ला १.३ सेकंद घेतो. ताशी साठने जाणारी गाडी १.३ सेकंदात बावीस मीटर पुढे जाते, तीन उड्या झाल्या तर नुसत्या बोलण्यातच पासष्ट मीटर गेले, थांबायचा वेळ वेगळा. वर तेवढा वेळ चॅनेल अडलेलं, म्हणजे आदळायची शक्यताही तेवढीच जास्त. माझ्या अनुभवात रेंजची तक्रार दहातल्या आठ वेळा अँटेनाची असते, ती नीट करून एसएफ ९ वर राहा.

एक दुखणं मात्र यानेही जात नाही. घाटात वरच्या वळणावरची गाडी आणि खालच्या वळणावरची गाडी एकमेकींना ऐकू येत नाहीत पण मधल्या गाडीला दोघी ऐकू येतात. दोघींना वाटतं चॅनेल मोकळं आहे, दोघी बोलतात, आणि मधल्याला फक्त खरखर. बोलायच्या आधी ऐकून घेण्याचा उपाय इथे लागू पडत नाही कारण ऐकूच येत नाही. इथे मेसेज परत परत पाठवणं आणि दरवेळी वेगवेगळ्या अंतराने पाठवणं एवढाच उपाय आहे, आणि तो चालतो, म्हणून ते सहा बिटांचं प्रकरण सोडू नका.

आता वेळ. जुना मेसेज वाजू नये म्हणून मी मेसेजवर जीपीएसची वेळ छापत होतो. एका सकाळी पाच नंबरच्या डब्याने बाकीच्यांना जणू बहिरंच करून टाकलं, त्याचे पुढचे सगळे मेसेज सगळीकडे 'जुना' म्हणून पडले. कारण असं निघालं की त्या जीपीएसला उपग्रह सापडायच्या आधी तो १९८० ची तारीख देत होता, जीपीएसचा काळ ६ जानेवारी १९८० पासून मोजतात म्हणून. तारखेत वर्षाचे दोनच आकडे येतात, ८०, आणि लायब्ररी त्यात सरळ २००० मिळवते. डब्याने २०८० सालचा एक मेसेज सोडला, बाकीच्यांनी तो 'शेवटचा' म्हणून लक्षात ठेवला, आणि नंतर आलेला प्रत्येक खऱ्या तारखेचा मेसेज त्यांना पन्नासहून जास्त वर्षं जुना वाटला. दुसरीकडे फोनचं ॲप आपली भारतीय वेळ छापत होतं आणि डबा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), त्यात साडेपाच तासांचा म्हणजे १९८०० सेकंदांचा फरक. लॉगमध्ये हा १९८०० आकडा दिसला की दुसरीकडे कुठे शोधू नका.

रेडिओच्या रस्त्यावरून मी वेळ काढूनच टाकली. मेसेजवर वेळेऐवजी त्याचं वय लिहितो. निघताना वय शून्य, जो डबा तो पुढे ढकलेल त्याने आपल्याकडे किती मिलिसेकंद थांबला आणि हवेत किती गेले ते त्यात मिळवायचं. कोणाचंही घड्याळ जुळायची गरज नाही, जीपीएसला आकाश दिसलं नाही तरी चालतं. वय दोन मिनिटांच्या वर गेलं की मेसेज मेला.

इंटरनेटच्या रस्त्याला मात्र खरी वेळ लागतेच, आणि तिथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे रिटेन. मेसेज हरवू नये म्हणून कोणीतरी रिटेन चालू करतो, मग सर्व्हर तो मेसेज धरून ठेवतो आणि जो कोणी नव्याने जोडला जाईल त्याला लगेच देतो. आमच्याकडे सोमवारचा 'ब्रेक फेल' गुरुवारपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरला ॲप उघडल्या उघडल्या वाजत होता. इमर्जन्सी मेसेजला रिटेन कधीच लावू नका. दुसरं, क्यूओएस १ (मेसेज निदान एकदा पोचलाच पाहिजे ही सेटिंग) लावलं आणि सेशन टिकवून ठेवलं की रेंज नसताना मेसेज सर्व्हरवर साठतात आणि घाट उतरून विसरवाडीजवळ रेंज आली की वीस मिनिटांपूर्वीचे सगळे एकदम कोसळतात. एमक्यूटीटीच्या ५ व्हर्जनमध्ये मेसेजला मुदत देता येते, ३.१.१ मध्ये ती सोय नाही, तिथे मेसेजमध्येच यूटीसी वेळ टाकून फोनवर तपासा आणि जुना असेल तर नुसता यादीत दाखवा, वाजवू नका.

वाजण्याबद्दल मी इतकं का ताणतोय, तर खोटं वाजलेलं ड्रायव्हर विसरत नाही. पहिल्या महिन्यात रोज पहाटे सगळ्या गाड्यांत 'ब्रेकची हवा कमी' वाजायचं. रात्रभर उभ्या गाडीच्या टाकीतली हवा उतरलेली असते, सेल्फ मारल्यावर भरायला काही मिनिटं लागतात, तोपर्यंत तो प्रेशर स्विच लागलेलाच असतो आणि माझा डबा इमानदारीने सगळ्यांना सांगायचा. दोघांनी बझरची वायर उपटून ठेवली होती आणि मला सांगितलंही नव्हतं, त्यांचा दोष मी धरत नाही. आता नियम असा आहे की जीपीएसवर वेग वीसच्या वर असेल आणि स्विच सलग दोन सेकंद लागलेला असेल तरच मेसेज जातो. जुनाट स्विच खड्ड्यात थरथरतो, ते दोन सेकंद त्याच्यासाठी.

दिशा हे शेवटचं आणि सगळ्यात किचकट. समोरून येणाऱ्या गाडीला आपला टायर फुटल्याचं सांगून उपयोग नाही, म्हणून मी दोन्ही गाड्यांची दिशा ताडून बघायचो, ९० अंशांच्या वर फरक असेल तर मेसेज सोडून द्यायचा. सपाटीवर झकास. उभी राहिलेली गाडी मात्र जीपीएसवर कुठेही तोंड करते, म्हणजे ज्या गाडीचा टायर फुटून ती थांबलीय तिचीच दिशा बोगस, त्यामुळे वेग पाचच्या खाली गेला की शेवटची चांगली दिशा धरून ठेवायची. घाटात तेही पुरत नाही. तोरणमाळचा सातपायरी घाट जे चढलेत त्यांना लगेच कळेल, वरचा रस्ता तुमच्या डोक्यावर असतो, त्यावरची गाडी तुमच्याच बाजूने चाललीय पण तोंड उलटं. मी मामेभावाचा पिकअप घेऊन तिथे मुद्दाम जाऊन बघितलं, सातही वळणांवर माझा नियम उलटासुलटा झाला.

यावर उपाय मला युरोपातल्या गाड्यांच्या मेसेजच्या रचनेत सापडला, तिथे धोक्याच्या मेसेजसोबत गाडी ज्या वाटेने आली त्या वाटेचे मागचे काही बिंदू पाठवतात. आपणही पाच बिंदू पाठवायचे, प्रत्येकी चार बाइट, मेसेज २० चा ४० बाइट होतो आणि एसएफ ९ ला १८५ ऐवजी २८८ मिलिसेकंद लागतात, वर लिहिलेला आकडा तो हाच. घेणाऱ्या डब्याने मग दिशा बघायची नाही, फक्त इतकंच बघायचं की मी या बिंदूंपैकी एखाद्यावरून गेलोय का किंवा त्यांच्याकडे सरकतोय का, आणि पुढचा बिंदू गाठताना क्रम तोच आहे का. हे बिंदू वेळेवर घेऊ नका, अंतरावर घ्या, दर शंभर मीटरला एक, नाहीतर जाममध्ये पाचही बिंदू एकाच जागी पडतात.

नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांत १ जानेवारी २०१९ पासून एआयएस-१४० (त्यासाठीचं सरकारी मानक) चं ट्रॅकर आणि पॅनिक बटण आलंय, त्याचं काय असं बरेच जण विचारतात. ते बटण सिमवरून सर्व्हरला आणि तिथून कंट्रोल रूमला सांगतं, मागून येणाऱ्या गाडीला सांगत नाही. मदत बोलवायला ते आणि ११२ आहेच, ते असू द्या, हा डबा त्याच्या जागी नाही.

टेस्ट कशी करायची ते थोडक्यात, कारण टेबलावर दोन डबे ठेवून केलेली टेस्ट नेहमीच पास होते. निदान तीन गाड्या घ्या, मधे चढण किंवा वळण येईल अशा उभ्या करा की पहिल्या-तिसऱ्याला एकमेकींचा रेडिओ ऐकू येणार नाही. मधल्याचं इंजिन चालू ठेवा आणि बाकी दोघांचं बंद-चालू करा. पहिल्या आणि तिसऱ्यात एकाच क्षणी बटण दाबा, फोनवर मोजून. जीपीएसची अँटेना झाकून एक डबा चालू करा. भरलेल्या गाडीने करा, रिकाम्या नको. आणि प्रत्येक वेळी लॉग घेणाऱ्याकडून काढा.

हे सगळं बसवल्यावर परवाच्या खेपेला कोंडाईबारीत सहाही गाड्या हलत्या असताना आम्ही ठरवून बटण दाबलं. सहाव्या गाडीला मेसेज १.४ सेकंद वयाचा पोचला, आप्पांची गाडी पाचवी होती, त्यांच्या डब्याने वाजल्यावर त्यांनी दोनदा डिप्पर मारून मला दाखवलं. एका वळणावर मात्र अजूनही रेडिओचा खड्डा आहे, तिथे डोंगराचा कडा असा आडवा येतो की पहिल्या तीन आणि मागच्या तीन गाड्यांत काहीच जात नाही. तिथे अलीकडे एक ढाबा आहे, मालकाने त्याच्या पाण्याच्या टाकीवर एक डबा लावू दिला, तो फक्त ऐकतो आणि पुढे ढकलतो, पैसेही घेतले नाहीत, त्याचा भाऊ ड्रायव्हर होता एवढंच म्हणाला. दोन रात्री छान चाललं, तिसऱ्या रात्री लाइट गेली आणि टाकीवरचा डबाही गेला. आता त्याला सोलरची छोटी प्लेट आणि बॅटरी लावायला या रविवारी जातोय, सोबत साडेआठ सेंटीमीटरची एक जास्तीची अँटेना घेतलीय, तिथे माकडं फार आहेत.